देवाकडे पाठ न करता बसवलेली फरशी

तीर्थरूप दादास धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (वाकून हा शब्द नुसता लिहायचा म्हणून नाही, सध्या मला सरळ उभंच राहता येत नाही).

तू टेम्पोने पाठवलेलं सामान पोचलं. ते असं : फरशीचे खोके चार, पैकी तिनांत फरशी आणि एकात फरशीचे तुकडे. राखाडी रंगाची बऱ्यापैकी, हिरवट रंगाची नको तेवढी, आणि हंसाचं चित्र असलेली एक. किंमत काही नाही, कारण तुझ्या न्हाणीघरातून उरलेली ही भेट आहे. टेम्पोचं भाडं मात्र माल पोचल्यावर घ्यायचं ठरलं होतं, ते टेम्पोवाल्याने माझ्याकडून घेतलं. ते भाडं आणि बाजारातल्या नव्या फरशीचा भाव मी वहीत शेजारी शेजारी मांडून पाहिले आणि मग वही मिटून ठेवली. भेटीचा हिशोब करू नये. तुझं न्हाणीघर छान झालं असणार. तिथे हंस किती आहेत ते कळव.

तुझा गुडघा, वहिनींची सर्दी, मुलांचे दात, सगळ्यांची खुशाली कळव. आमच्याकडे तब्येती उत्तम. ह्यांची पाठ धरली आहे, माझे दोन्ही गुडघे सोलले आहेत आणि दोघांच्या नखांत राखाडी काहीतरी बसलंय ते कशानेच निघत नाही. बाकी देवाची कृपा.

आता मुद्द्याचं. (मुद्दा शेवटी लिहावा असं शाळेत शिकवलं होतं, पण शेवट येईपर्यंत तू पत्र बाजूला ठेवतोस हे वहिनींनीच मला सांगितलंय.) गेल्या खेपेला तू आलास तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध एक लिंबू ठेवलंस. ते आपलं आपण निघालं, टेबलाखालून गेलं आणि कपाटाखाली नाहीसं झालं. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "ही जमीन सरळ होईल तेव्हा आई इथे राहायला येईल." तुझं खोटं नव्हतं. मागच्या वर्षी आई इथे आली होती तेव्हा ह्याच जमिनीतल्या एका उखडलेल्या फरशीच्या कोपऱ्याला ठेचकाळून पडली, घोटा टम्म सुजला. मीच तो शेकत बसले होते, त्यामुळे ते मी विसरलेले नाही; आणि विसरले असते तरी तू विसरू दिलं नसतंस. तेव्हा अट मान्य. आई थोडे दिवस तरी माझ्याजवळ राहावी, एवढीच माझी इच्छा. तुझ्याकडे तिला काही कमी आहे असं मी म्हणतच नाही. उलट तिला करमत नाही असं होऊ नये म्हणून तुम्ही किती जपता! पहाटेचे डबे, मुलांना शाळेत सोडणं आणि आणणं, दूधवाला, गॅसवाला, वहिनी कामावरून आल्या की त्यांचा चहा. एका म्हाताऱ्या माणसाच्या करमणुकीची इतकी व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिली नाही. माझ्याकडे तिला काय मिळणार? नुसतं बसायला. आणि त्यालाही जमीन सरळ हवी.

आधी गवंडी बोलावला. त्याने खोली बघितली, मला बघितलं, ह्यांना बघितलं, आणि ह्यांच्याकडे तोंड करून आकडा सांगितला. आमचे हे "हरकत नाही" म्हणायच्या बेतात होते (ह्यांची हरकत कशालाच नसते, म्हणून घर चाललंय ते माझ्या हरकतींवर). मी म्हटलं, विचार करून कळवते. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फरशीच्या दुकानावर फलक दिसला : चिकटवायच्या पावडरच्या दोन गोण्या घ्या, फरशी बसवायला फुकट शिका. पावडर तर घ्यावीच लागणार होती. म्हणजे विद्या वरकड मिळाली.

वर्गात आम्ही चौघं. मी, एक दातांचे डॉक्टर, आणि नुकतं लग्न झालेलं एक जोडपं. शिकवायला दुकानातलेच एक गृहस्थ. त्यांच्या हातात पाणसळ कायम, म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, जमीन सपाट आहे की नाही ते दाखवणारी. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात पाणसळमास्तर म्हणायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी चुकून तोंडावर म्हटलं, तर त्यांना आवडलं. मास्तर प्रत्येक गोष्टीला पाणसळ लावतात. टेबलाला लावून झालं, खुर्चीला लावून झालं, एकदा तर डॉक्टर जरा कलून बसले होते तर त्यांच्या खांद्यावर ठेवली. "बुडबुडा खोटं बोलत नाही, डॉक्टर," म्हणाले, "तुम्ही डावीकडे उतरता." डॉक्टर हळव्या मनाचे, त्यांनी तेव्हापासून ताठ बसायला सुरुवात केली. पण सांधे भरायचा दिवस आला आणि डॉक्टरांचं तेज काय वर्णावं! दोन फरश्यांच्या मधली फट अशी भरली, बोटाने अशी पुसली, की आता ते फरशीला चूळ भरायला सांगतात की काय असं मला वाटलं. जोडप्याचं मात्र काही खरं नव्हतं. फरशी तिरकी बसली की ती म्हणायची, "तू धक्का दिलास," तो म्हणायचा, "तू श्वास सोडलास." दुसऱ्या वर्गाला ती दोघं वेगवेगळ्या गोण्यांवर बसली. शेवटच्या वर्गाला पुन्हा एका गोणीवर आली, कारण तोवर दोघांचंही मास्तरांशी बिनसलं होतं. संसार असाच टिकतो, मी त्यांना तसं सांगितलंही.

विद्या तशी सोपी आहे. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि खेकड्यासारखं मागे मागे येत दारातून बाहेर पडायचं. ("दार पाठीशी ठेवा, बाई, दार पाठीशी ठेवा," हे मास्तर इतक्या वेळा म्हणाले की मी ते झोपेतही बोलले, असं हे म्हणतात.) सगळ्या फरश्या चिकटल्या की पूर्ण एक दिवस कुणी पाय ठेवायचा नाही. मॅट्रिकला भूमितीत मला चांगले गुण होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण भूमितीच्या पुस्तकातल्या खोल्यांचे चारही कोपरे काटकोनात असतात. आमच्या स्वयंपाकघराचा एकच कोपरा काटकोनात निघाला, आणि त्यात कपाट आहे.

पहिल्या दिवशी पावडर कालवली. मास्तरांनी सांगितलं होतं, थोडी थोडी कालवा. पण उघडलेली गोणी हवेने खराब होते, तेही त्यांनीच सांगितलं होतं. आता उघडी गोणी खराब होऊ देणं माझ्याच्याने होत नाही हे तुला माहीत आहे. मी अख्खी गोणी मोठ्या बादलीत कालवली. दोन फरश्या बसवून तिसरीसाठी थापी बादलीत घातली ती थापी आजतागायत तिथेच आहे. बादली वाया गेली असं मात्र समजू नकोस. उलटी करून ओसरीत ठेवली आहे, हे तीवर बसून बूट घालतात आणि म्हणतात, इतकं भक्कम आसन आपल्या घरात दुसरं नाही.

दुसरी गोण उघडली ती मात्र पातेल्या-पातेल्याने कालवली. फरश्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून प्लास्टिकचे अधिकाच्या चिन्हासारखे तुकडे विकत मिळतात. ते कशाला घ्यायचे? रोज देवापुढे दिवा लावल्यावर उरलेल्या आगकाड्या मी टाकत नाही, एका डब्यात साठवते. (तू हसशील. वहिनीही हसतील. डबा दोन वेळा भरला आहे.) त्याच फटींत घातल्या. काडीचं जळलेलं टोक बारीक असतं हे लक्षात यायला तीन रांगा जाव्या लागल्या. त्या तीन रांगा हातपंख्यासारख्या जराशा उलगडत गेल्या आहेत. हे म्हणतात, नक्षी वाटते.

पण सुरुवात कुठून केली, ही खरी गोष्ट सांगायची राहिलीच. आमचा देव्हारा तू पाहिला आहेस, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, आत शिरल्यावर डाव्या हाताला. मास्तरांच्या पद्धतीने समोरच्या भिंतीपासून मागे सरकत दाराकडे यायचं म्हणजे दिवसभर देवाकडे पाठ. आणि नुसती पाठ असती तरी एक वेळ क्षमा मागितली असती. गुडघ्यांवर ओणवं होऊन फरशी बसवणारं माणूस मागून कसं दिसतं ते मी वर्गात त्या जोडप्याच्या बाबतीत पाहिलं होतं. हे म्हणाले, "देव तेवढा वेळ पुढच्या खोलीत ठेवू या." म्हणजे माणसाला बसायला सोय व्हावी म्हणून देवांनी उठायचं! मास्तरांना विचारायलाही गेले नाही, ते आधी देव्हाऱ्याला पाणसळ लावून तो उतरता आहे म्हणाले असते.

तेव्हा मी दारापासून सुरुवात केली. पूजा आटोपली, सगळं सामान आत ओट्याजवळ रचून घेतलं (मध्येच ह्यांना उठवायला लागू नये म्हणून), आणि देवाकडे तोंड ठेवून एकेक फरशी बसवत मागे मागे समोरच्या भिंतीकडे गेले. हात काय चालला होता, दादा! तोंडाने नाम, हाताने रबरी हातोडी, आणि दोन्हींचा ठेका एकच. हंसाची फरशी मुद्दाम देव्हाऱ्यासमोर बसवली. नंतर पाहिलं तर हंसाचं तोंड मोरीकडे आणि शेपूट देवाकडे. ज्या एका गोष्टीसाठी मी एवढा खटाटोप केला ती ह्या पक्ष्याने अर्ध्या मिनिटात मोडली.

दुपार कलायला लागली तेव्हा माझी पाठ ओट्याला टेकली. मान वर करून पाहिलं. समोर दारापर्यंत नुसती ओली फरशी, आणि मी ओटा, खिडकी आणि तांदळाचा डबा यांच्या मध्ये. खिडकीला गज. नेमके त्याच वेळी हे वर्तमानपत्र घेऊन दारात आले.

"झालं वाटतं! आता बाहेर कशी येणार?"

"येणार नाही."

"मग चहा?"

"चहापत्ती माझ्याकडे आहे, दूध तुमच्याकडच्या फ्रिजमध्ये आहे. घराला वळसा घालून खिडकीशी या."

हे दूध घेऊन गल्लीतून खिडकीशी आले, मी गजांमधून घेतलं, चहा केला आणि गजांमधूनच कप दिला. हे तिथेच उभ्याने प्यायले. उभ्याने चहा पिणारा माणूस दिसला की लोकांना काय वाटतं देव जाणे. आधी शेजारचा रंगारी आला, मग इस्त्रीवाला, आणि एक तर अगदीच अनोळखी, तो "साखर कमी" म्हणाला. मी कमी घातली. त्याने कट्ट्यावर पैसे ठेवले. हे म्हणाले, "राहू द्या हो, घरचंच आहे," आणि माझा जीव नुसता वरखाली झाला. त्या गर्दीतच पोस्टमन आला. त्याने चहा घेतला, आणि गजांमधून तुझं पत्र आत दिलं.

ते पत्र मी तिथेच तांदळाच्या डब्यावर बसून वाचलं. तू लिहिलं होतंस की फरशीची घाई करू नकोस. वहिनींची बढतीची परीक्षा आहे, आई इथे रमली आहे, तेव्हा तिचं तुझ्याकडे येण्याचं पुढच्या वर्षी बघू. किती विचार करतोस रे तू माझा! माझ्या गुडघ्यांची काळजी तुला इतक्या लांबून, पत्र टाकून! फक्त एक गोष्ट खटकली. तुझ्या प्रत्येक पत्राच्या खाली आईच्या हातची एक तिरकी ओळ असते, ती ह्या वेळी नव्हती. जागा होती, ओळ नव्हती. माझ्यापुढे शेवटच्या तीन फरश्या उरल्या होत्या. त्या मी बसवल्या. हातोडीचा आवाज जरा जास्त झाला असावा, कारण खिडकीतले सगळे आपापले कप ठेवून गेले.

मला बाहेर काढायची युक्ती ह्यांची. (तीस वर्षांत ह्यांची ही दुसरी युक्ती. पहिलीबद्दल तुला माहीतच आहे, ती बँक बुडाली.) रंगाऱ्याची लांब शिडी मागून आणली, तिचं एक टोक उंबऱ्याबाहेर स्टुलावर आणि दुसरं माझ्या ओट्यावर, असा पूल केला. मी ओट्यावर चढले, शिडीवर ओणवी झाले आणि एकेक पायरी धरत निघाले. खाली ओली फरशी, समोर देव. दारातून रंगारी सांगतोय, "काकू, खाली बघू नका," हे सांगतायत, "अगं, खालीच बघ." देव्हाऱ्याशी आले तेव्हा एक हात सोडून नमस्कारही केला. तेवढ्यात शिडी मधोमध वाकली आणि तिचा मधला भाग फरशीला टेकला. मी बाहेर पडले, पण मधल्या चार फरश्या नखभर खाली गेल्या त्या गेल्याच. उंबऱ्याबाहेर पाय टेकल्यावर ह्यांनी मला विचारलं, "रात्रीच्या जेवणाचं काय?" ओटा, गॅस, भांडी, तांदूळ, सगळं त्या फरशीच्या पलीकडे होतं. रंगाऱ्याच्या बायकोने ताट वाढून पाठवलं, म्हणून निभावलं.

दोन दिवसांनी पाणसळमास्तर तपासायला आले. पट्टी ठेवली, एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग दोन्ही मिटले. म्हणाले, "बाई, सुरुवात कुठून केलीत?" मी म्हटलं, "दारापासून." ते पट्टी पिशवीत घालत म्हणाले, "दुकानाचं नाव कुणाला सांगू नका." मग ते गेल्यावर मी तुझी परीक्षा घेतली, म्हणजे तू सांगितलेली. लिंबू मधोमध ठेवलं. हललं नाही. दाराशी ठेवलं, तर सावकाश निघालं, मध्यावर आलं आणि थांबलं. ओट्याशी ठेवलं, तेही मध्यावर येऊन थांबलं. आमच्या स्वयंपाकघरात आता लिंबू कुठेही ठेव, ते कपाटाखाली जात नाही. ह्यांना साक्षीला बोलावलं होतं, त्यांनीही तसंच पाहिलं. टोचणारा कोपरा एकही नाही, मी स्वतः अनवाणी आणि डोळे मिटून सगळीकडे फिरले. शब्द पाळणाऱ्या घरात आपण वाढलो, त्यामुळे अटीचं मी आणखी काही लिहीत नाही.

बाकी आमचं काही मागणं नाही. वहिनींना परीक्षेसाठी माझ्या शुभेच्छा, मुलांना पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. आईला पाठव. कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्यासोबत, नाहीतर हे घ्यायला येतील (ह्यांची हरकत नाही). उरलेली हिरवट फरशी हवी असेल तर परत पाठवते. भाडं पोचल्यावर देशील.

आणखी ता. क. वरचं पत्र मी ह्यांच्याकडे टपालात टाकायला दिलं होतं. ते आज धुवायच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. मधल्या काळात जे झालं ते आता ह्याच कागदाच्या मागे लिहिते, नवा कागद कशाला.

आई मावशीकडे गेली आहे असं तुम्ही समजता आहात, कारण तिने तुम्हाला तसं सांगितलं. ती मावशीकडे नाही. मंगळवारी दुपारी बसमधून एकटीच उतरली, हातात एक पिशवी, आणि आमच्या दारात उभी. मी म्हटलं, "दादाने पाठवलं?" तर म्हणाली, "त्याने कशाला पाठवायला हवं? मी आले." तुझ्यावर रागावून आली आहे असं मुळीच नाही, तुझ्या डब्याची काळजी तिने इथे आल्या आल्या दोनदा केली. मी मात्र तिला हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि गप्प उभी राहिले. एवढं सगळं तिच्यासाठीच केलेलं, निदान एक शब्द बोलेल. आईने पाय ठेवला, चटकन मागे घेतला आणि म्हणाली, "किती गार गं! सतरंजी नाही का?" आता दारापासून ओट्यापर्यंत जाड सतरंजी अंथरली आहे. हंस, पंख्यासारख्या रांगा, नखभर खाली गेलेल्या चार फरश्या, सगळं तिच्याखाली. खालची जमीन जुनी असती तरी कुणाला कळलं नसतं. किती दिवस राहणार, असं ह्यांनी विचारलं (विचारायची गरज नव्हती), तर म्हणाली, "फरशी नीट वाळेपर्यंत राहीन." फरशी एका दिवसात वाळते हे मास्तरांचं म्हणणं सांगायला ह्यांनी तोंड उघडलं, मी ह्यांना चहाचा कप दिला.

शेवटचा ता. क. तिचा दुसरा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पाठव. आणखी एक. रोज शाळा सुटायच्या वेळेला आई हातातलं काम टाकून उठते आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते. मी विचारलं तर म्हणते, "काही नाही, फरशी बघतेय." खाली सतरंजी आहे, दादा. मुलांना शाळेतून हल्ली कोण आणतं, आणि वेळेवर आणतं का, ते उलट टपालाने कळव. मुलांच्या हातच्या दोन ओळी खाली असू देत. जागा सोडायला विसरू नकोस.